जाळरेषा

मलकापुराहून बुलढाण्याकडे निघालेला प्रवासी मोताळा ओलांडून राजूर घाटाच्या तोंडाशी आला, आणि दिवस फाल्गुन-चैत्राचे व वेळ तिन्हीसांजेची असली, म्हणजे समोरच्या डोंगरउतारावर त्याला कधी कधी एक तांबूस, वाकडीतिकडी, हलके हलके माथ्याकडे सरकणारी रेघ दिसते. परमुलखातून आलेल्या माणसाला, विशेषतः तो मोटारीच्या खिडकीतून पाहत असेल तर, ती शोभिवंतही वाटते; परंतु ज्याचे गाव घाटपायथ्याशी आहे, ज्याची गुरे त्याच उताराच्या गवतावर वाढली आहेत, त्याच्या छातीत ती रेघ पाहताच धस्स होते, आणि आग कोणत्या नाळीत शिरली, वारा कोठून आहे, मध्ये ओढा आडवा येतो की नाही, या प्रश्नांची उत्तरे तो त्या अंधुक प्रकाशात डोळे ताणून शोधू लागतो. वणव्याची ही रेघ निसर्गाची नव्हे. ती बहुधा माणसाच्या हातून, अनवधानाने वा हेतुपुरस्सर, ओढली गेलेली असते. तिला अडविण्यासाठी माणसानेच दुसरी एक रेघ शोधून काढली, जिला वनखात्यात जाळरेषा म्हणतात. या दुसऱ्या रेघेची विद्या आपल्या मुलखात कशी आली, ती कोणी कोणाला शिकविली आणि कोणाला शिकवावयाची राहून गेली, याचा मागोवा घेण्याचा हा प्रयत्न आहे.

मोताळ्याचे स्थान या दृष्टीने मोठे अर्थपूर्ण आहे. जुन्या दफ्तरात वऱ्हाडचे तीन भाग मानीत: उत्तरेस सातपुड्यातील मेळघाट, मध्ये पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीचा पायनघाट, आणि दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगररांगेवर पसरलेला बालाघाट. मोताळा पायनघाटाच्या अगदी दक्षिण कडेला, डोंगराच्या पायरीशी बसले आहे. पूर्वी ते मलकापूर तहसिलीत मोडत असे. डोंगरातून उतरणारी नळगंगा याच परिसरातून मलकापुराकडे व पुढे पूर्णेकडे जाते. जवळच रोहिणखेड आहे. बहामनी सरदार मलिक-उत्-तुज्जार याने खानदेशच्या नासीरखानाचा १४३७ मध्ये पराभव केला तो येथेच, आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस निजामशाहीच्या गादीचा तंटा तुटला तोही याच मैदानावर. तवारिखा लिहिणारांनी त्या लढायांतील स्वारांची व हत्तींची मोजदाद मोठ्या हौसेने केली. त्या स्वारांच्या घोड्यांनी ज्या रानाचे गवत खाल्ले त्या रानाबद्दल मात्र एक ओळ लिहिण्याचे कोणास सुचले नाही. जंगल तेव्हा दौलतीच्या हिशेबात नव्हते. महसूल शेताचा, जकात बाजाराची, आणि जंगल हे या दोहोंमधले मोकळे, अमर्याद वाटणारे अंतर, एवढाच त्या काळचा समज होता.

या मोकळ्या रानात आग लावण्याची वहिवाट फार जुनी आहे, आणि तिच्यामागे केवळ अज्ञान होते असे समजणे हा आपल्या पूर्वजांवर अन्याय होईल. कुसळी गवत माघात वाळून उभे राहते. त्याची टोके गुरांच्या जिभेत रुततात, आणि पोटभर खाऊनही जनावर पोसत नाही. ते जाळून टाकले की मुळाशी राहिलेल्या ओलीवर कोवळे कोंब फुटतात, आणि चारा संपत आलेल्या दिवसांत गुराख्याला तेवढाच आधार होतो. मोहाची फुले पहाटे टपटप गळतात. पाचोळ्यात ती सापडत नाहीत, म्हणून वेचणारा झाडाखालची जागा पेटवून स्वच्छ करतो. तेंदूच्या झुडपांना आग लागून गेली की नवी पालवी दाट येते, असा पत्ता तोडणाऱ्यांचा अनुभव. पाऊलवाट मोकळी करणे, शेताच्या बांधावरून रानडुकरे व रोही हाकलणे, धुऱ्यावरचे काटेकुटे जाळणे, ही आणखी कारणे. प्रत्येक आग लावणारास आपली आग लहानच वाटत असे आणि तेवढ्यापुरती ती लहान असेही. पण उन्हाचा पारा चढलेला, वारा घाटाकडे सुटलेला आणि गवत कमरेइतके वाळलेले असताना लहान आगीची मोठी आग होण्यास अर्धा तासही पुरतो.

आपल्या परंपरेत या विषयाकडे पाहण्याच्या दोन दृष्टी आढळतात. महाभारतातील खांडववनाचे दहन ही पहिली: वन जाळून वसाहतीला जागा करणे हा पराक्रम मानणारी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील दंडविधान ही दुसरी: तेथे कुरण, शेत, खळे, घर, लाकडाचे वन किंवा हत्तींचे वन पेटविणाऱ्याला अग्नीतच जाळावे इतकी कठोर शिक्षा सांगितली आहे. शिक्षेचे क्रौर्य बाजूला ठेवले तरी त्या यादीतला क्रम विचार करण्याजोगा आहे; कुरण, खळे आणि वन यांना राजाच्या मंत्र्याने एकाच पंक्तीत बसविले, कारण तिन्ही जळाले तर राज्यच उपाशी राहते हे त्याला ठाऊक होते. पुढच्या शतकांत ही जाणीव ग्रंथातच राहिली, आणि रान खांडवाच्या वाटेने जात राहिले.

वऱ्हाडात या स्थितीला धक्का बसला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. निजामाने १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. १८६० नंतर अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला. आणि त्याच दशकात मुंबईहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग भुसावळ सोडून मलकापूर, नांदुरा, शेगाव असा पूर्णेच्या खोऱ्यातून गेला. कापसाने शेताची शीव डोंगराच्या पायथ्यापर्यंत रेटली, आणि रेल्वेला रुळांखाली घालावयास लाकूड व इंजिनात घालावयास सरपण हवे झाले. जे रान काल अमर्याद वाटत होते ते पाहता पाहता मर्यादित झाले, आणि मर्यादित वस्तूवर सरकारची नजर जाते या नियमाप्रमाणे जंगलखाते जन्मास आले. त्याने वऱ्हाडच्या सरकारी जंगलाचे वर्ग पाडले: ए वर्ग लाकडाचा, बी वर्ग गवताच्या रमण्यांचा, सी वर्ग चराईचा. गावाच्या उपयोगासाठी सोडलेल्या पडीत जमिनींनाही अशीच अक्षरे लागली. बुलढाणा जिल्ह्यातील शेतकरी आजही गायरानाला बिनदिक्कत ‘ई-क्लास’ म्हणतो, तेव्हा त्याच्या तोंडून त्या जुन्या वर्गवारीचाच एक तुकडा बोलत असतो.

जंगल राखावयाचे तर आधी ते जळू द्यावयाचे नाही, हे उघड होते. परंतु ते साध्य आहे यावर प्रारंभी खुद्द साहेबलोकांचाही विश्वास नव्हता. हिंदुस्थानातील पानगळीचे जंगल दर उन्हाळ्यात जळणारच, अशी सर्वसाधारण समजूत होती. ती खोटी ठरविली मध्यप्रांतातील कर्नल पीअर्सन यांनी. सातपुड्यातील बोरीच्या जंगलात १८६० नंतरच्या काही वर्षांत त्यांनी सभोवार गवत कापून व जाळून मोकळे पट्टे तयार केले, रखवालदार नेमले, आसपासच्या वस्त्यांना विश्वासात घेतले, आणि जंगल आगीवाचून उन्हाळा पार करू शकते हे दाखवून दिले. मुख्य वननिरीक्षक डिट्रिख ब्रँडिस यांच्या खात्याने ही रीत इतर प्रांतांत नेली. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पीअर्सन यांनी वापरलेले तंत्र, म्हणजे गवत थोडे ओले असतानाच थोडेसे जाळून मोठ्या आगीची वाट तोडणे, हे डोंगरात राहणाऱ्या माणसाला अपरिचित नव्हते. स्वतःची झोपडी व खळे वाचविण्यासाठी तो दरवर्षी तेच करीत असे. त्याच्या अंगणातील युक्ती सरकारने मोजून-मापून नकाशावर नेली, एवढाच फरक. पण हा फरकही लहान नव्हे, कारण झोपडीभोवतीची युक्ती झोपडी वाचविते, आणि नकाशावरची रेघ सबंध खोरे वाचवू शकते.

जाळरेषा म्हणजे काय, हे प्रत्यक्ष पाहिल्यावाचून नीट समजत नाही. पावसाळा सरला, गवत पिवळे पडू लागले, की ठरलेल्या रेषेवरील गवत व झुडपे कापतात. ही रेषा वाटेल तेथून जात नाही. ती डोंगराची धार, गाडीवाट, ओढा, जंगलाची सरहद्द यांच्या आश्रयाने जाते, कारण धारेवर पोहोचलेली आग दमलेली असते आणि ओढ्याशी आलेली आग अडखळलेली असते. रेषेची रुंदी जागेच्या महत्त्वाप्रमाणे तीन, सहा किंवा बारा मीटर ठेवतात. कापलेले गवत तेथेच पसरून वाळू देतात, आणि दोन्ही बाजूंचे उभे गवत अजून पुरते वाळलेले नाही असा मधला काळ साधून ते जाळतात. या कामाचे सारे मर्म या वेळ साधण्यात आहे. आठ दिवस आधी पेटविले तर गवत धुमसते, काळे पडते, पण जळत नाही. आठ दिवस उशीर झाला तर रेषा रेषेत राहत नाही, आणि जंगल राखण्यासाठी लावलेल्या आगीनेच जंगल जाते. एकदा जाळून झाले तरी काम संपत नाही. शिशिरात सागाची, सालईची, धावड्याची पाने गळून पट्ट्यावर नवा थर बसतो, तो पुन्हा पुन्हा झाडून काढावा लागतो; तो तसाच राहिला तर कागदावर जाळरेषा असते आणि जमिनीवर आगीला पूल बांधून दिलेला असतो.

राजूर घाटाच्या अंगाला एका वर्षी हे काम चालू असताना मी एक सबंध सकाळ त्या मंडळींबरोबर काढली. सात-आठ मजूर, दोन स्त्रिया, एक तरुण वनरक्षक, आणि आयुष्यभर याच डोंगरात रोजंदारी केलेला एक वृद्ध भिल्ल मजूर, ज्याला सगळे ‘बाबा’ म्हणत. वनरक्षकाच्या हाती नकाशा होता, आणि तो त्याने उत्तम वाचला होता. पण पेटविण्याची वेळ आली तेव्हा त्याने नकाशा घडी करून खिशात ठेवला आणि बाबाकडे पाहिले. बाबाने पायाशी वाकून चिमूटभर माती उचलली, डोळ्यांच्या उंचीवरून ती सोडली, ती कोणीकडे उडते ते पाहिले, आणि मग दोन बोटांत गवताची काडी मोडली. काडी वाकली, मोडताना आवाज झाला नाही. “अजून नाई. दव उडू द्या,” एवढेच बोलून तो दगडावर बसला. पाऊण तासाने त्याने तीच परीक्षा पुन्हा केली. या वेळी काडी टचकन तुटली. मग पेटविण्यास सुरुवात झाली ती वरच्या टोकापासून, वाऱ्याच्या विरुद्ध, म्हणजे ज्वाळा उताराने खाली व वाऱ्यास तोंड देत हळूहळू सरकावी. दोन्ही कडांना मजूर उभे होते, हातांत नाल्याकाठच्या निरगुडीच्या हिरव्या फांद्या घेऊन. जीभ बाहेर पडली की ते फांदी वरून आपटत नसत; ती ज्वाळेवर दाबून, आतल्या बाजूस ओढीत. आपटले तर ठिणग्या उडून मागे पडतात, हे मला नंतर समजले. दुपारपर्यंत एक काळा, स्वच्छ पट्टा धारेवरून ओढ्यापर्यंत उतरला होता, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पिवळे गवत जसेच्या तसे डोलत होते.

त्या दिवसापासून एक प्रश्न मनात घर करून राहिला: ज्या विद्येचा निर्णायक क्षण मातीच्या चिमटीत आणि काडीच्या आवाजात आहे, ती विद्या आजवर आपण कोठे शिकवीत आलो?

या प्रश्नाचे उत्तर वनशिक्षणाच्या इतिहासात आहे. खात्याचे आरंभीचे वरिष्ठ अधिकारी जर्मनीत व फ्रान्समधील नान्सी येथे शिकून येत. हिंदी लोकांसाठी वनविद्येची शाळा निघाली ती १८७८ मध्ये, डेहराडूनला, ब्रँडिस यांच्या प्रयत्नाने. मुंबई इलाख्यातील उमेदवारांसाठी पुण्याच्या सायन्स कॉलेजातही काही काळ वनविद्येचा वर्ग चाले. डेहराडूनच्या संस्थेजवळ १९०६ मध्ये वनसंशोधनाचे केंद्र उभे राहिले, आणि तिची कीर्ती दूरवर गेली. वऱ्हाड १९०३ पासून मध्यप्रांताला जोडला गेल्यावर आपल्याकडील कनिष्ठ अधिकाऱ्यांना जवळची शाळा मिळाली ती बालाघाटची, जी १९०७ मध्ये सुरू झाली. हा बालाघाट म्हणजे वैनगंगेच्या खोऱ्यातील जिल्ह्याचे ठाणे. बुलढाण्याचा मुलूख ज्या बालाघाटात मोडतो त्याच्याशी त्याचा नावापलीकडे संबंध नाही. तेथले जंगल साल, साग व बांबूचे, पावसाने ओथंबलेले. आपले अंजन, सालई, धावडा, खैर आणि कुसळी गवताचे, वर्षातून आठ महिने कोरडे. तेथे शिकून आलेला माणूस मापन, सर्वेक्षण, लागवड, कायदा आणि कूपांची आखणी यांत तयार होऊन येई, यात संशय नाही. पण आमच्या डोंगराची आग त्याला येथे येऊनच शिकावी लागे, आणि त्याचे शिक्षक असत नाक्यावरचा नाकेदार व त्याच्या हाताखालचे मजूर. नाकेदाराला स्वतःला मात्र दीर्घ काळ कोणत्याही शाळेचे तोंड दिसले नाही. तो भरती होई तो शरीराने काटक, थोडेफार लिहिता-वाचता येणारा म्हणून. बाकीचे त्याने जंगलात फिरून मिळवावे अशी अपेक्षा. विद्या वरून खाली येत होती ती रेंजरपाशी थांबे, आणि अनुभव खालून वर जात होता तो नाकेदारापाशी थांबे. मधल्या त्या एका पायरीवर दोघांची गाठ पडली तर पडली.

आणि गावकऱ्याचे काय? त्याच्यासाठी शाळा नव्हती, कायदा होता. राखीव जंगलात आग लावणे गुन्हा. हयगयीने आग लागल्यास त्या भागातील चराईचे हक्क सरकारला स्थगित करता येत. आणि जंगलात हक्क वा सवलत असलेल्या प्रत्येकाने आगीची वर्दी देणे व ती विझविण्यास धावणे बंधनकारक. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमातील ही कलमे आजही चालू आहेत, आणि त्यांतील तत्त्वात मला काही गैर दिसत नाही. गैर होते ते हे, की ज्याच्यावर आग विझविण्याचे कर्तव्य लादले त्याला ती कशी विझवावी हे कोणी सांगितले नाही, आणि ज्या गवतासाठी त्याने धावावे ते गवत त्याचे राहिले नव्हते. वऱ्हाडात १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदच्या राखीव जंगलात गवत कापून कायदेभंग केला, आणि जंगल सत्याग्रहाची लाट साऱ्या प्रांतभर पसरली. त्या चळवळीचे प्रतीक म्हणून मूठभर गवत निवडले गेले, यातच वऱ्हाडच्या खेड्यातील माणसाच्या मनात काय सलत होते ते स्पष्ट होते. परके वाटू लागलेले रान जळताना पाहून माणूस घरातून निघत नाही. आणि दंडाच्या भीतीने निघालाच, तर फांदी वरून आपटतो.

खात्यातही या बाबतीत एकवाक्यता नव्हती, हे सांगितले नाही तर इतिहास अपुरा राहील. ब्रह्मदेशातील वनाधिकारी स्लेड यांनी १८९६ मध्येच ‘इंडियन फॉरेस्टर’मधून असा आक्षेप घेतला होता की, सागाच्या जंगलात आगीला सर्वस्वी मज्जाव केल्याने सागाची रोपे उलट कमी होत चालली आहेत, कारण खाली दाट झाडोरा माजून त्यांना प्रकाश मिळत नाही. यावर पुढे अनेक वर्षे वाद झाला. वेळेवर लावलेली हलकी आग आणि अवेळी भडकलेला वणवा या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्या वादाचे फलित. आणि हे फलित वऱ्हाडच्या गुराख्याला आधीपासून अर्धे ठाऊक होते. उरलेले अर्धे त्याला ठाऊक नव्हते, तेही तितकेच महत्त्वाचे. अंजनाच्या शेंगा चैत्र-वैशाखात पिकून, पंख लावल्यासारख्या वाऱ्यावर तरंगत जमिनीवर येतात. नेमक्या त्याच दिवसांत वणवा फिरला तर त्या वर्षीचे सारे बी भाजून निघते. मोठा वृक्ष उभाच राहतो, म्हणून नुकसान दिसत नाही. वीस-पंचवीस वर्षांनी मात्र त्या उतारावर म्हातारी झाडे तेवढी राहतात, आणि त्यांच्याखाली एकही तरुण झाड नसते. शिवाय जळून उघड्या पडलेल्या उतारावरची माती पहिल्या पावसात नळगंगेच्या पाण्याबरोबर खाली उतरते, आणि मोताळ्याजवळच्या धरणात गाळ होऊन बसते, हा हिशेब तर शेतकऱ्याच्या दारातलाच आहे.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आला व १९६० मध्ये महाराष्ट्रात. बालाघाटची शाळा मध्यप्रदेशात राहिली. मग वनशिक्षणाची घडी आपल्या राज्यात नव्याने बसवावी लागली. चिखलदऱ्याची वनरक्षकांची शाळा, जळगाव जिल्ह्यात सातपुड्यातील पाल येथील प्रशिक्षण संस्था, चंद्रपूरचे वनाधिकाऱ्यांचे महाविद्यालय, जे पुढे वन अकादमी या नावाने वाढले, आणि सांगली जिल्ह्यातील कुंडलची प्रबोधिनी, अशी ही मालिका आहे. तिचा सर्वांत मोठा लाभ माझ्या मते असा, की नाकेदाराचा वनरक्षक झाला, म्हणजे जंगलाशी ज्याचा रोजचा संबंध त्यालाही वर्गात बसण्याचा अधिकार मिळाला आणि तोही मराठीतून. वणव्याच्या दृष्टीने या मालिकेत चंद्रपूरचे नाव विशेष आहे. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने १९८४ मध्ये वणवा-नियंत्रणाचा आधुनिक प्रकल्प भारतात सुरू झाला तेव्हा साऱ्या देशातून दोन ठिकाणे निवडली गेली: हिमालयाच्या पायथ्याचा हल्द्वानी-नैनीतालचा भाग आणि आपले चंद्रपूर. आग लागल्यावर धावण्यापेक्षा आग दिसण्याची, वर्दी पोहोचण्याची व पथक निघण्याची व्यवस्था आधी लावली पाहिजे, हा विचार त्या प्रकल्पाने खात्यात रुजविला.

त्यानंतर वर्दीचे साधन आश्चर्यकारक वेगाने पालटले. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेने २००४ पासून उपग्रहांच्या साहाय्याने आगीची ठिकाणे कळविण्यास प्रारंभ केला. प्रथम एक किलोमीटरच्या चौकटीत आग ओळखणारी यंत्रणा होती, पुढे पावणेचारशे मीटरच्या चौकटीत ओळखणारी आली. आज राजूरच्या डोंगरात आग लागली तर तिचे अक्षांश-रेखांश वनरक्षकाच्या मोबाईलवर येतात. पाठीवर बांधून पाचोळा उडविणारे ब्लोअर यंत्र आले, आणि निरगुडीच्या फांदीचे अर्धे काम त्याने हलके केले. मात्र उपग्रह जंगलावरून जाण्याच्या वेळा ठरलेल्या असतात, आणि दुपारच्या वाऱ्यावर चढलेली आग त्या वेळांसाठी थांबत नाही. पहिली वर्दी आजही बहुधा गुराखी, वाटसरू किंवा शेतावरचा सालदारच देतो.

मोताळा, बुलढाणा, खामगाव व चिखली या तालुक्यांत पसरलेल्या डोंगराला १९९७ मध्ये ज्ञानगंगा अभयारण्याचा दर्जा मिळाला. सुमारे २०५ चौरस किलोमीटरचे हे रान अस्वलांसाठी व बिबट्यांसाठी प्रसिद्ध आहे. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरच्या जंगलातून निघालेला एक तरुण नर वाघ हजाराहून अधिक किलोमीटर भटकून २०१९ च्या डिसेंबरात येथे येऊन थांबला, तेव्हा साऱ्या देशाला ज्ञानगंगेचे नाव कळले. वाट शोधत आलेल्या त्या जनावराला येथे पाणी, आडोसा आणि शिकार मिळाली, याचा अर्थ असा की कित्येक उन्हाळे कोणीतरी हा डोंगर आगीपासून राखला होता. त्या राखणाऱ्यांची नावे कोणत्याही वर्तमानपत्रात आली नाहीत. ते हंगामी मजूर होते. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम, आणि तेवढ्यापुरतीच त्यांची नेमणूक.

येथेच आपल्या वनशिक्षणाची उणीव मला जाणवते. अधिकाऱ्याला शाळा मिळाली, वनरक्षकाला मिळाली. पण जो हंगामी मजूर ज्वाळेपासून चार हातांवर उभा राहतो, आणि जो गावकरी पहिल्यांदा धावत जातो, त्याचे शिक्षण अजून योगायोगावर सोडलेले आहे. संयुक्त वनव्यवस्थापनाचा शासननिर्णय महाराष्ट्रात १९९२ मध्ये निघाला, गावोगाव समित्या झाल्या, संत तुकारामांच्या नावाने चांगल्या समित्यांना पारितोषिके मिळू लागली, आणि रान आपले आहे ही भावना पुष्कळ ठिकाणी परत आली. भावना परत आली की माणूस आग विझवावयास धावतो. परंतु उतारावर आगीच्या वरच्या बाजूस उभे राहू नये, कारण ज्वाळा माणसापेक्षा जलद चढते. अंगात नायलॉनचे कपडे नसावेत, सुती असावेत. जळून गेलेल्या काळ्या भागाकडे परतीची वाट नेहमी मोकळी ठेवावी. विझलेल्या ओंडक्याला हाताची पाठ जवळ नेऊन ऊब पाहिल्यावाचून जागा सोडू नये, या गोष्टी केवळ भावनेने येत नाहीत. त्या कोणीतरी, प्रत्यक्ष उतारावर उभे राहून, शिकवाव्या लागतात. आणि शिकविणारी माणसे अजून आहेत. मी ज्यांना पाहिले ते बाबा तेव्हाच सत्तरीच्या पुढे होते. त्यांच्यासारखी दहा-वीस माणसे तरी घाटपायथ्याच्या गावांतून आज सापडतील, आणखी दहा वर्षांनी सापडतील असे मला वाटत नाही.

म्हणून माझी विनंती दोघांना आहे. वनखात्याने प्रतिवर्षी पौषाच्या सुमारास, वणव्याचा हंगाम सुरू होण्याआधी, मोताळा तालुक्यातील घाटपायथ्याच्या गावांत दोन दिवसांचे वर्ग भरवावेत. ते सभागृहात नव्हे, जाळरेषेवर भरवावेत, आणि त्यांत वनरक्षकाबरोबर जुन्या मजुरालाही शिक्षक म्हणून, मानधन देऊन, उभे करावे. आणि ज्या वाचकाचे गाव या डोंगराच्या सावलीत आहे त्याने, विशेषतः त्याच्या घरी वयात आलेली मुले असतील तर, मार्गशीर्षातल्या एखाद्या सकाळी त्यांना घेऊन जाळरेषेच्या कामावर जावे, दव उडेपर्यंत थांबावे, आणि गवताची काडी मोडताना तिचा आवाज कसा होतो तो त्यांना ऐकवावा.